ढमढेरे टेंट हाउसचं विमान

देवासच्या जगदेवराव ढमढेऱ्यांनी घरी विमान बांधायचं ठरवलं, ते गुलाबजामच्या परातीत बसल्या बसल्या. लोक ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगतात असं पाहुण्यांना वाटतं. पण परात, पाक आणि त्यात बसलेले जगदेवराव हे सगळं खरं आहे, आणि ते स्वतःही कधी नाकारत नाहीत.

वैशाखाचे दिवस होते. भोपाळ रस्त्यावरच्या एका मॅरेज गार्डनमध्ये लग्नाचा मंडप उभा राहत होता. जगदेवरावांचा धंदाच तो. त्यांचे पणजोबा देवास संस्थानच्या थोरल्या पातीच्या, म्हणजे थोरल्या शाखेच्या, फरासखान्यावर होते. महाराजांची स्वारी बाहेर पडली की तंबू, राहुट्या, कनाती आणि सतरंज्या त्यांच्या हवाली असायच्या. संस्थान गेलं तेव्हा आजोबांनी जुने तंबू विकत घेतले आणि लग्नकार्याला भाड्याने द्यायला लागले. पुढे वडिलांनी खुर्च्या, झुंबरं आणि नवरानवरीची सिंहासनं आणली. जगदेवरावांच्या हाती आलं ते चांगलं नाव कमावलेलं टेंट हाउस, आणि कितीही सोसाट्याचं वारं सुटलं तरी ढमढेऱ्यांचा मंडप हलत नाही ही ख्याती.

त्या दुपारी तो हलला. पश्चिमेकडून वावटळ आली, मंडपाच्या छतात हवा भरली आणि एका कोपऱ्यातली मेख जमिनीतून उपटून वर आली. जगदेवराव धावले आणि सुटलेला तणावा, म्हणजे तंबू ताणून धरणारा दोर, दोन्ही हातांनी धरून त्याला लटकले. एकशे चार किलोंचा माणूस लटकला की मंडप जागेवर येतो, असा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव होता. या वेळी मंडपाने त्यांनाच बरोबर घेतलं. ते वर गेले, चांगले गार्डनच्या पहिल्या मजल्याच्या गच्चीइतके. दोन श्वास तिथे तरंगले, मग वारा पडला आणि तेही पडले. खाली हलवायाच्या मोठ्या परातीत गुलाबजाम होते. सकाळीच केलेले असल्यामुळे पाक निवलेला होता, हे नशीब.

कामाची माणसं धावली. "भिया, लगी तो नी?"

जगदेवराव पाकात बसूनच वर बघत होते. "वरून देवीची टेकरी काय सुंदर दिसते रे," ते म्हणाले.

घरी आले तेव्हा मुंग्या त्यांच्या मागोमाग येत होत्या. सरलाबाईंनी नवऱ्याला अंगणातच उभं केलं आणि बादलीने पाणी ओतायला सुरुवात केली. तिसऱ्या बादलीला जगदेवराव म्हणाले, "सरला, मी विमान बांधणार आहे."

"डोळे मिटा, साबण जाईल."

"खरंच सांगतोय. तीस वर्षं मी कापडाला खाली बांधून ठेवतोय. ते बिचारं दर वेळी वर जायला बघतं. एकदा त्याचं ऐकून बघायला काय हरकत आहे?"

सरलाबाईंनी बादली खाली ठेवली. "आणि त्यात बसणार कोण?"

"मी."

बाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग मोठं बांधावं लागेल," त्या म्हणाल्या आणि टॉवेल आणायला गेल्या.

त्यांना वाटलं, चार दिवसांत विसरतील. जगदेवराव यापूर्वी असेच एकदा बासरी शिकणार होते आणि एकदा शहामृग पाळणार होते. पण रविवारी ईशानी घरी आली तेव्हाही विषय निघाला. ईशानी ही त्यांची एकुलती एक मुलगी. पीथमपुरच्या गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर आहे, तिथेच खोली घेऊन राहते. नव्या गाड्या खड्ड्यांतून, चिखलातून पळवून कुठे काय तुटतं ते शोधणं हे तिचं काम. त्यामुळे नव्या वस्तूंबद्दल तिचं मत सहसा चांगलं नसतं. ती आधी खूप हसली. मग तिच्या लक्षात आलं की बाबा हसत नाहीयेत.

"बाबा, सीरियसली? ये कोई शामियाना नहीं है, की पडला तर परत उभा करू."

"म्हणूनच तर तुला सांगतोय. मंडपासाठी मी कधी कुणाला विचारलंय?"

यावर ईशानी विरघळली, असं सरलाबाई सांगतात. ईशानी स्वतः म्हणते, की मी मदत केली नसती तर त्यांनी बांबूचं बांधलं असतं. काही असो, तिने अटी घातल्या. पूर्वी बऱ्याच लोकांनी बांधून उडवलंय अशाच विमानाचे नकाशे आणायचे. त्यात स्वतःची अक्कल चालवायची नाही. प्रत्येक बोल्ट तिने तपासल्याशिवाय पक्का करायचा नाही. आणि शिकवणाऱ्याकडून रीतसर उडवायला शिकून परवाना मिळेपर्यंत आत बसायचं नाही. जगदेवरावांनी सगळ्या अटी न ऐकताच मान्य केल्या.

नकाशे आले परदेशातून. ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा, पोलादी तारा, वरून ताणलेलं कापड, एक छोटं इंजिन आणि एक खुर्ची. जगदेवरावांनी कागद गोदामातल्या गाद्यांवर पसरले आणि त्यांचा चेहरा उजळला. "अगं, हा तर तंबूच आहे!"

बांधायला वेळ मिळायचा तो चातुर्मासात. आषाढात देव झोपले की लग्नं बंद, टेंट हाउस रिकामं. मग गोदामात झुंबरं आणि सिंहासनं भिंतीला सरकवून मधली जागा मोकळी व्हायची. कार्तिकात देव उठले की विमान ताडपत्रीखाली जायचं आणि मंडप बाहेर पडायचे. असे तीन चातुर्मास गेले. ईशानी इंग्रजी पुस्तिका वाचून त्याचं हिंदी करायची, जगदेवराव त्या हिंदीचं तंबूच्या भाषेत भाषांतर करायचे. पंखातली मुख्य नळी म्हणजे छताची आडवी काठी. तारा म्हणजे तणावे. शेपटीचं हलतं फळकूट म्हणजे पडदा. एकदा ईशानीने सगळी सूचना वाचून दाखवली, तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे पडदा उचलला की मंडळी वर, सोडला की खाली. एवढ्यासाठी तीन पानं?"

कापडाचं काम सरलाबाईंकडे आलं. पंखांवर कापड चिकटवल्यावर ते गरम इस्त्रीने शेकून ढोलासारखं ताठ करावं लागतं. जगदेवरावांनी पहिल्याच दिवशी एक तुकडा जाळला, तेव्हा सरलाबाईंनी त्यांच्या हातातून इस्त्री काढून घेतली. "आपल्या लग्नातला शेला तुम्हीच जाळला होतात. सरका." त्यानंतर दुपारचं जेवण आटोपलं की त्या गोदामात जायच्या आणि पंखावरून इस्त्री फिरवायच्या. हळूहळू त्यांना त्याची गोडी लागली. ढिलं कापड इस्त्रीखाली आक्रसून गुळगुळीत व्हायचं, बोटाने टिचकी मारली की टण्ण वाजायचं. शेजारणी बघायला यायच्या, टिचकी मारून जायच्या.

जगदेवरावांना पंखांच्या कडेला सोनेरी झालर हवी होती.

"नाही," ईशानी म्हणाली.

"बारीक."

"बाबा, एक एक ग्राम का हिसाब है."

"अगं, ढमढेऱ्यांचं विमान, आणि बोडकं?"

झालर लागली नाही. ते दोन दिवस मुलीशी बोलले नाहीत, पण बोल्ट मात्र तपासून घेत होते.

तिसऱ्या वर्षी, भाद्रपदाच्या शेवटी, सांगाडा, पंख, शेपूट, इंजिन, सगळं एकत्र उभं राहिलं. मंडईतल्या एका व्यापाऱ्याकडून धान्याचे काटे आणले. प्रत्येक चाकाखाली एक काटा ठेवून विमान तोललं. ईशानीने बेरीज केली आणि पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "बाबा! पुस्तकात लिहिलंय त्याहून कमी आलंय!"

जगदेवरावांनी मिशीवरून हात फिरवला. कामाच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. कचोऱ्या मागवायच्या ठरल्या.

"एक मिनिट," ईशानी म्हणाली. तिने पुस्तिकेचं पुढचं पान उलटलं होतं. "वैमानिकाचं वजन जास्तीत जास्त पंचाऐंशी किलो."

सगळ्यांच्या नजरा एकाच जागी गेल्या. सरलाबाईंनी काटा नवऱ्यासमोर सरकवला. जगदेवराव चढले. काटा एकशे सहावर थांबला. विमान बांधता बांधता ते दोन किलोंनी वाढलेच होते.

"नळ्यांना भोकं पाडली तर?" त्यांनी विचारलं. "इंजिनाचं झाकण काढलं तर?"

"बाबा," ईशानी हळूच म्हणाली, "विमानातून आता काही कमी करता येणार नाही."

देवासमध्ये माणसाला बारीक होणं किती अवघड आहे हे बाहेरच्याला कळायचं नाही. इथे सकाळ पोह्यांवर शेव आणि बाजूला जिलबी घेऊन उगवते. त्यात जगदेवरावांचा धंदा लग्नांचा. ज्या मंडपाखाली उभं राहायचं, त्याच मंडपाखाली दाल-बाफले, म्हणजे वरण आणि तुपात बुडवलेले कणकेचे गोळे, शिजणार. पूर्वी यजमान आग्रह करायचे, आता सगळ्या गावाला बातमी लागली होती आणि गाव पहाऱ्यावर बसलं होतं. चौकातल्या पोहेवाल्याने त्यांची जिलबी बंद केली. "भिया, उड़नो है के खानो है? एक बात तय कर लो." हलवायांनी त्यांना चाखायला देणं सोडलं. एका लग्नात तर वधूच्या आजीने त्यांच्या ताटातला लाडू उचलून घेतला आणि म्हणाली, "विमानाचं काय झालं?"

वजन उतरलं, पण रडतखडत. आणि मग अमझेऱ्याचं प्रकरण झालं. सरलाबाईंचे थोरले भाऊ भैयासाहेब धारजवळ तिरल्याला शेती करतात. विमान उडवायला त्यांचंच एक लांबलचक, सपाट रान ठरलं होतं. ते बघायला म्हणून जगदेवराव तिरल्याला गेले आणि मेव्हण्याने सुचवलं, "दाजी, इतके आलात तर अमझेऱ्याला देवीचं दर्शन घेऊन येऊ." दर्शन झालं. देवळाबाहेर भैयासाहेबांच्या ओळखीचे एक जण होते आणि त्यांच्याकडे त्या दिवशी काहीतरी कार्य होतं.

घरी परतल्यावर सरलाबाईंनी विचारलं, "कसं झालं दर्शन?"

"छान. मन भरलं."

"तुपानेच ना?" त्यांनी नवऱ्याच्या सदऱ्याची बाही धरून उजेडात नेली. कोपरापर्यंत तूप ओघळलेलं होतं.

सरलाबाई रागावल्या नाहीत, आणि तेच जगदेवरावांना जड गेलं. त्या फक्त म्हणाल्या, "मी दोन वर्षं इस्त्री फिरवली ती काय दुसऱ्या कुणासाठी?"

त्याच सुमाराला त्यांचं उडायचं शिक्षणही सुरू होतं. शिकवायला होत्या कॅप्टन देवश्री तारे. मूळ धारच्या, चणीने लहानखुऱ्या, आवाज मऊ. त्या एका खासगी हवाई पट्टीवर दोन खुर्च्यांच्या छोट्या विमानात शिकवतात. एका सकाळी जगदेवराव शेजारी बसले, विमान धावायला लागलं, धावत राहिलं, पट्टीचा शेवट आला आणि अगदी टोकाला कसंबसं वर उठलं. पलीकडच्या बाभळींचे शेंडे जगदेवरावांनी फार जवळून पाहिले. खाली उतरल्यावर देवश्रीबाईंनी हातमोजे काढले आणि अतिशय अदबीने म्हणाल्या, "जगदेवराव, विमान वर गेलं. पण मनापासून नाही गेलं."

हे वाक्य त्यांना लागलं. दुसऱ्या दिवसापासून शेव सुटली. जिलबी सुटली. मंडप बांधायला ते माणसांबरोबर स्वतः शिडीवर चढायला लागले, टेकरीवर रोज पहाटे पायी जायला लागले. पहिल्या आठवड्यात वाटेवरच्या प्रत्येक ओट्यावर बसले. नंतर ओटे कमी होत गेले. पुढच्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत त्यांचे जुने सदरे त्यांच्यावर राहुटीसारखे लोंबायला लागले. परवान्यासाठी तपासणी करणारा डॉक्टर तर इतका खूश झाला, की त्याने त्यांच्या जुन्या आणि नव्या रक्ताच्या तपासण्या शेजारी शेजारी ठेवून आपल्या बायकोला दाखवल्या.

परवानगीचे कागद दिल्लीला जाऊन येईतो डिसेंबर उजाडला. मलमास, म्हणजे संक्रांतीपर्यंतचा धनुर्मास, लागला, लग्नं थांबली. पंख सोडवून विमान टेंट हाउसच्या ट्रकमध्ये चढवलं आणि स्वारी निघाली. धारच्या अलीकडे नाक्यावर पोलिसाने ट्रक थांबवला. ताडपत्री वर करून त्याने नळ्या आणि कापड पाहिलं. "ये क्या है?"

"शामियाना," जगदेवराव सवयीने म्हणाले.

"पंखा लगा हुआ है?"

"हवेशीर आहे," ते म्हणाले. मग ईशानीने डोक्याला हात लावला आणि खरे कागद काढून दाखवले. पोलिसाने ते दोनदा वाचले, मग विमानासोबत आपला फोटो काढून घेतला.

तिरल्याच्या रानात गहू नव्हता, ती पट्टी भैयासाहेबांनी मुद्दाम पडीक ठेवली होती आणि रोलर फिरवून घेतली होती. पहिलं उड्डाण देवश्रीबाईंनी केलं, तसंच ठरलं होतं. विमान थोडं धावलं आणि चिमणी उठावी तसं अलगद उठलं. सगळ्यांनी आरोळ्या ठोकल्या. आपण बांधलेलं विमान आपल्याशिवाय इतक्या सहज उडतं, हे पाहून आनंद व्हावा की राग यावा हे जगदेवरावांना मात्र ठरवता येईना. बाई उतरल्या आणि म्हणाल्या, "फार गुणी आहे हो. थोडं डावीकडे ओढतंय, एवढंच." ईशानीने दुपारभर खटपट करून ते नीट केलं. बाईंनी आणखी काही दिवस येऊन जाऊन विमान सगळ्या बाजूंनी पारखलं, आणि मग एका सकाळी जगदेवरावांना म्हणाल्या, "या."

भैयासाहेबांच्या खळ्यावर काटा होताच. जगदेवराव चढले. चौऱ्याऐंशी आणि वर थोडंसं. बूट काढायला लागू नयेत म्हणून त्यांनी त्या सकाळी चहासुद्धा घेतला नव्हता.

"तू तिकडे झाडाखाली बस," ईशानी आईला म्हणाली. "बघू नकोस."

"का? कापड मी लावलंय. काय होतंय ते बघायला नको?" सरलाबाई पट्टीच्या अगदी कडेला जाऊन उभ्या राहिल्या.

इंजिन सुरू झालं. विमान धावलं, चाकांचा खडखडाट एकदम थांबला आणि जगदेवराव वर होते. नंतर त्यांना पुष्कळांनी विचारलं, की त्या क्षणी काय वाटलं. ते प्रामाणिकपणे सांगतात, की पहिली काही मिनिटं काहीच वाटलं नाही, कारण दांडा, पायाखालची पेडलं आणि समोरचे काटे यांतच सगळा जीव गुंतला होता. मग त्यांनी पहिलं वळण घेतलं, विमान स्थिर केलं आणि खाली पाहिलं. हिरवे, पिवळे तुकडे, मध्ये पाण्याचे आरसे, रस्त्यावर एक ट्रॅक्टर. गार वारा गालांना लागत होता. पंख दोन्ही बाजूंना ताठ होते, एक सुरकुती नव्हती. त्यांना मोठ्याने गावंसं वाटलं, पण एकाही गाण्याचे शब्द आठवेनात, म्हणून त्यांनी मंगलाष्टकं म्हटली.

शेजारच्या गावात भागवत कथेचा मोठा मांडव पडला होता. त्याच्या वरून जाताना जगदेवरावांनी वाकून पाहिलं आणि मंगलाष्टक अर्ध्यावर थांबलं. आयुष्यात त्यांनी हजारो मंडप पाहिले होते, पण खालून. खालून मखमल, झुंबरं, फुलं. वरून तो मांडव म्हणजे धूळ, कबुतरांची घाण, ठिगळं आणि एका ठिकाणी कुणाची तरी विसरलेली चप्पल. ते एकटेच हवेत खो खो हसले.

उतरताना विमान दोनदा उसळलं आणि तिसऱ्यांदा जमिनीवर राहिलं. सगळे धावत आले. ईशानी सर्वांत आधी पोचली आणि पंखाच्या बोल्टांवर हात फिरवत राहिली. तिचे डोळे वाहत होते, पण हात काम करत होते. सरलाबाई दमाने आल्या.

"कसं होतं?"

जगदेवरावांनी टोपी काढली. त्यांचं सगळं तोंड लाल झालं होतं. "सरला," ते म्हणाले, "आपल्या मंडपांची वरची बाजू धुवायला हवी."

सरलाबाई इतक्या हसल्या, की त्यांना पंखाला धरून खाली बसावं लागलं. भैयासाहेबांनी पेढे वाटले. देवश्रीबाईंनी जगदेवरावांना एक दिला, आणि या वेळी कुणी त्यांच्या हातातून काढून घेतला नाही.

मंडप खरोखरच धुतले गेले. संक्रांतीआधी टेंट हाउसची सगळी छतं नदीवर नेऊन उलटीसुलटी घासून घेतली. बाकीचे तंबूवाले म्हणाले, याला हवा लागली. जो भाग कुणी बघत नाही तो धुवून काय उपयोग? जगदेवराव म्हणाले, "आम्ही बघतो."

आता ते दर मलमासात तिरल्याला जातात आणि हवा चांगली असेल तेव्हा उडतात. एरवी विमान देवासच्या गोदामात असतं, पंख भिंतीला टेकवून, खुर्ची ताडपत्रीखाली. मंडप ठरवायला आलेली गिऱ्हाइकं ते बघतात आणि हमखास एकच गोष्ट विचारतात, हे भाड्याने मिळेल का. मागच्या माघात एक बाप आपल्या मुलाला घेऊन आला होता. नवरदेवाची एंट्री यात बसवून करायची, म्हणाला. उडवायचं नाही, नुसतं चार माणसांनी ढकलत मंडपात आणायचं, वरून फुलं. भाडं तुम्ही म्हणाल ते.

जगदेवरावांनी मान हलवली. "रथ आहे. बग्घी आहे. मोराची बैठक आहे, मान हलते."

"भिया, सगळं तर भाड्याने देता तुम्ही."

"सगळं देतो," जगदेवराव म्हणाले. "हे नाही."

मग नवरदेवाचा चेहरा पडलेला पाहून त्यांनी स्वतः ताडपत्री काढली, खुर्ची पुसली आणि पोराला आत बसवून दांडा कसा धरायचा ते दाखवलं. बापाने फोटो काढले. मग सगळे टेबलाशी येऊन बसले आणि पाहुणे किती येणार, याचा हिशेब सुरू झाला.